पृष्ठभाग, साय आणि प्लास्मिड : सागरी जीवाणुशास्त्रातील दोन परंपरांचा संगम

एखादी वस्तू डोळ्यांना दिसत असली तरी तिला स्वतःचे नाव मिळेपर्यंत ती शास्त्राचा विषय होत नाही, याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी नाहीत. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर काही तासांतच जीवाणूंचा जो चिकट थर बसू लागतो तो याच प्रकारात मोडतो. होडीचा तळ, धक्क्याचे खांब, भरतीच्या पाण्याखाली जाणारे खडक यांवरील बुळबुळीतपणा किनाऱ्यावरील माणसास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु तो जीवाणूंच्या राहण्याचा एक स्वतंत्र प्रकार होय, किंबहुना त्यांच्या राहण्याचा तोच नेहमीचा प्रकार होय, हे विधान शास्त्रज्ञांच्या तोंडी यावयास विसाव्या शतकाची आठवी दहाई उजाडावी लागली. याच शतकाच्या मध्यास ‘प्लास्मिड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, गुणसूत्राबाहेर राहून पिढीजात चालणाऱ्या आनुवंशिक द्रव्याचा शोध लागला. हे दोन इतिहास सुमारे चाळीस वर्षे एकमेकांस न भेटता चालत राहिले. ते का भेटले नाहीत आणि भेटल्यावर काय घडले, हा येथील प्रतिपाद्य विषय आहे.

प्रथम थराचा इतिहास. इ. स. १६८३ साली डेल्फ्ट येथील लेवेनहुक याने दातांवरचे कीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील सजीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. त्याची एक नोंद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शिरक्याने दात धुतले असता कीटाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, परंतु आतल्या बाजूस शिरक्याचा परिणाम पोहोचत नाही, असे त्याच्या ध्यानात आले होते. आज जीवाणूंच्या थराचा प्रमुख गुण म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, म्हणजे थरात राहिल्याने मिळणारे संरक्षण, ती अशा रीतीने पहिल्या दर्शनातच नोंदली गेली होती. पुढील दोनशे वर्षे ती कोणाच्या उपयोगी पडली नाही.

उपयोगी न पडण्याचे कारण अज्ञान नव्हे. ते एका अत्यंत यशस्वी पद्धतीत सापडते. इ. स. १८८१ च्या सुमारास रोबर्ट कॉख याने घट्ट माध्यमावर शुद्ध संवर्ध मिळविण्याची रीत प्रचारात आणली. मिश्र समूहातून एकच जीवाणू निवडावयाचा, त्याची संतती स्वतंत्र वाढवावयाची, आणि मग तिचे गुणधर्म तपासावयाचे, ही ती रीत. क्षय, पटकी इत्यादी रोगांचे कारक तिच्यामुळे सापडले. कॉखबरोबर पटकीच्या शोधासाठी १८८३-८४ साली ईजिप्त आणि तेथून कलकत्ता येथे आलेल्या मंडळींत बर्नहार्ट फिशर हा आरमारी वैद्य होता. त्यानेच पुढे ही पद्धती समुद्रावर नेली आणि १८८९ च्या जर्मन प्लवक-मोहिमेत अटलांटिक महासागराच्या पाण्यातील जीवाणूंची गणना केली. सागरी जीवाणुशास्त्राचा पाया अशा प्रकारे रोगशास्त्राच्या विटांनी बांधला गेला. पाणी घ्यावे, पात्रात ओतावे, उगवतील तेवढे मोजावेत. वस्तूंना चिकटून राहिलेले जीवाणू या गणनेत येतच नसत.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पात्रावर उगवलेल्या ठिपक्यास युरोपीय भाषांत ‘कॉलनी’ आणि मराठीत ‘वसाहत’ म्हणतात. रूढ अर्थाने वसाहत म्हणजे ठिकठिकाणाहून आलेल्या लोकांची वस्ती. कॉखच्या पात्रावरील वसाहत मात्र एकाच पूर्वजाची संतती. तेथे परका कोणी असला तर तो प्रयोगाचा दोष समजावयाचा. उलट समुद्रातील खडकावर होते ती शब्दशः वसाहत: अनेक कुळे, अनेक जाती, आगेमागे आलेली, एकमेकांस लागून राहिलेली. ज्या अवस्थेला हा शब्द खरोखर लागू पडला असता तिच्या वाट्याला तो आला नाही. तो तिच्या नेमक्या उलट अवस्थेस दिला गेला. परिभाषेच्या अशा अपघातांचे परिणाम नेहमीच लहान नसतात.

पद्धतीच्या आतूनच एक विसंगती मात्र डोके वर काढीत होती. १९०१ साली अमेरिकन जलतज्ज्ञ जॉर्ज व्हिपल याने दाखविले की, पाण्याचा नमुना लहान बाटलीत ठेवला तर त्यातील जीवाणूंची संख्या मोठ्या बाटलीतल्यापेक्षा अधिक वाढते. पाणी तेच, काच तीच. फरक इतकाच की लहान बाटलीत पाण्याच्या मानाने काचेचा पृष्ठभाग जास्त असतो. ही गोष्ट बराच काळ नमुने साठविण्यातील एक अडचण म्हणून सांगितली जाई. तिला सिद्धान्ताचा दर्जा दिला तो कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या क्लॉड झोबेल याने.

झोबेलचे काम तपशिलाने पाहण्यासारखे आहे. एस्थर ॲलन हिच्यासह त्याने काचेच्या पट्ट्या समुद्रात बुडवून ठेवल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध केले की, या पट्ट्यांवर प्रथम जीवाणू येऊन बसतात व त्यांनी केलेल्या थरामुळे बार्नेकलसारख्या मोठ्या प्राण्यांच्या डिंभांस चिकटणे सोपे जाते. जहाजाच्या तळावर होणाऱ्या जीववाढीचा प्रश्न आरमाराच्या खर्चाचा आणि वेगाचा असल्याने या निष्कर्षास व्यावहारिक वजन आले. त्यानंतर १९४३ सालच्या निबंधात त्याने घन पृष्ठभागाचा जीवाणूंच्या व्यापारावर होणारा परिणाम विवेचिला. समुद्राच्या पाण्यात सेंद्रिय अन्न इतके विरळ असते की मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूस ते पुरेसे मिळणे कठीण. पृष्ठभागावर मात्र हे अन्न आपोआप गोळा होते. शिवाय जीवाणू आपली पाचक द्रव्ये शरीराबाहेर सोडतो. मोकळ्या पाण्यात ती वाहून जातात. जीवाणू आणि पृष्ठभाग यांमधील अरुंद फटीत ती आणि त्यांनी फोडलेले अन्न ही दोन्ही टिकून राहतात. घट्ट चिकटण्यास जीवाणूस काही तास लागतात, हेही त्याने नोंदविले. याच दशकात, १९३३ साली, आर्थर हेन्रिसी याने गोड्या पाण्यात पट्ट्या बुडवून असे मत दिले होते की, पाण्यातील जीवाणूंपैकी बहुतेक तरंगणारे नसून बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढणारे आहेत. इतके स्पष्ट विधान उपलब्ध असताही पुढील तीस-पस्तीस वर्षे जीवाणुशास्त्राच्या पाठ्यक्रमात चंबूतला ढवळलेला संवर्ध हाच जीवाणूचा प्रमाण नमुना राहिला.

याचे एक कारण भाषिक म्हणता येईल. या थरास एक नाव नव्हते. धंद्यागणिक नावे होती. दंतवैद्य त्यास कीट म्हणत. जहाजांचे अभियंते त्यास चिकटा म्हणत. सरोवरशास्त्रज्ञांकडे ‘आउफवुक्स’, म्हणजे वर उगवलेले, हा जर्मन शब्द आणि ‘पेरिफायटॉन’ हा ग्रीक धातूंचा शब्द होता. पण त्या दोहोंत शेवाळी वनस्पतींवर भर होता. पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाक्यांवरील थरास जर्मन भाषेत ‘श्मुट्सडेके’, म्हणजे मळाचे आच्छादन, असे नाव होते. सांडपाणी शुद्ध करणारे अभियंते ‘जैविक पटल’ म्हणत. पाच धंद्यांचे पाच शब्द आणि पाच नियतकालिके; एकाचे निष्कर्ष दुसऱ्यास दिसण्याची सोयच नव्हती. शेवटी सांडपाण्याच्या अभियंत्यांचा शब्द आटोपशीर होऊन १९७० नंतरच्या दशकात ‘बायोफिल्म’ या रूपाने रूढ झाला आणि बाकीच्या धंद्यांनी तो उचलला. मराठीत आज ‘जैवपटल’ हा त्याचा पर्याय वापरला जातो. तो अचूक आहे, परंतु पटल म्हटले की पातळ, कोरडा, सारखा पसरलेला पापुद्रा डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः हा थर ओला, उंचसखल, पाण्याच्या वाटा असलेला, दुधावरच्या सायीप्रमाणे खालच्या द्रवातूनच जमणारा असतो. ‘साय’ हा घरगुती शब्द या दृष्टीने अधिक जवळचा आहे.

नाव रूढ होत असतानाच क्रियेची उकलही झाली. १९७१ साली केव्हिन मार्शल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागरी जीवाणूंवर प्रयोग करून चिकटण्याचे दोन टप्पे दाखविले. जीवाणू आणि पृष्ठभाग या दोहोंवर बहुधा ऋण विद्युद्‌भार असल्याने त्यांच्यात अपकर्षण असते. तथापि खाऱ्या पाण्यात ते काही अंशी झाकले जाते आणि थोड्या अंतरावर जीवाणू सैलसर अडकतो. या स्थितीत तो हालचाल करीत असतो आणि पाण्याच्या धारेने सुटू शकतो. दुसऱ्या टप्प्यात तो स्वतः तयार केलेल्या बहुवारिक तंतूंनी हे अंतर ओलांडून पक्का बसतो. मग धुऊनही निघत नाही. तत्पूर्वी पृष्ठभागावर पाण्यातील सेंद्रिय रेणूंचा अदृश्य लेप बसलेला असतोच, त्यामुळे जीवाणूची गाठ मूळ काचेशी वा लोखंडाशी न पडता त्या लेपाशी पडते. पुढे १९७८ साली बिल कॉस्टर्टन आणि त्याचे सहकारी जी. जी. गीसी व के.-जे. चेंग यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील लेखातून हा विचार व्यापक वाचकवर्गापुढे मांडला. निसर्गात जीवाणू बहुधा चिकटून, स्वतःच्या बहुशर्करेच्या वेष्टनात राहतात, आणि प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविलेले संवर्ध हे वेष्टन गमावून बसतात, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

आता दुसरा इतिहास. १९४६ साली जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी जीवाणूंमध्ये संयुग्मन होते हे सिद्ध केले. १९५२ साली लेडरबर्गने गुणसूत्राबाहेरील कोणत्याही आनुवंशिक घटकास ‘प्लास्मिड’ हे नाव सुचविले. शब्द मुद्दाम व्यापक केलेला होता. पेशीतील सहजीवी, विषाणू, हरितकणांचे आनुवंशिक द्रव्य हे सर्व त्यात सामावावे असा हेतू होता. १९५८ साली जाकोब आणि व्होलमन यांनी ‘एपिसोम’ हा प्रतिस्पर्धी शब्द आणला व काही वर्षे तोच अधिक चालला. अखेरीस ‘प्लास्मिड’ टिकला, पण अर्थ संकोचून: जीवाणूतील, स्वतःची प्रतिकृती स्वतः करणारा, बहुधा वर्तुळाकार डीएनए रेणू एवढाच अर्थ उरला. अर्थसंकोचाचे हे उदाहरण कोणत्याही भाषाशास्त्राच्या पुस्तकात शोभेल.

प्लास्मिडास सामाजिक महत्त्व आले ते जपानमुळे. १९५५ पासून तेथे आमांशाच्या शिगेला जीवाणूंत अनेक औषधांना एकदम न जुमानणारे प्रकार आढळू लागले. १९५९ साली ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी ही प्रतिकारशक्ती एका जीवाणूतून दुसऱ्यात संपर्काने जाते हे दाखविले, आणि १९६३ साली त्सुतोमु वातानाबे याच्या विस्तृत आढाव्यामुळे ही गोष्ट पाश्चात्य शास्त्रज्ञांस नीट कळली. समुद्राचा संबंध येण्यास आणखी काही वर्षे गेली. १९७७ साली सायझमोर आणि रीटा कॉलवेल यांनी प्रतिजैविकांस दाद न देणाऱ्या सागरी जीवाणूंत प्लास्मिड असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास होर्खे क्रोसा आणि सहकाऱ्यांनी माशांना रोग करणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलॅरम या सागरी जीवाणूची मारकता एका प्लास्मिडावर अवलंबून असल्याचे दाखविले. पुढे असे दिसले की, हे प्लास्मिड यजमानाच्या शरीरातील लोह हस्तगत करण्याची सोय पुरविते.

यातून एक सैद्धान्तिक कोडे निर्माण झाले. प्लास्मिड बाळगणे जीवाणूस फुकट पडत नाही. त्याची प्रतिकृती करणे व त्यावरील जनुके चालविणे यांत शक्ती खर्च होते. पेशी दुभंगताना एखाद्या कन्यापेशीत प्लास्मिड गेलेच नाही तर ती हलकी होऊन अधिक वेगाने वाढते. मग उपयोगाचे दडपण, उदाहरणार्थ प्रतिजैविक, नसताना प्लास्मिड नाहीसे का होत नाही? १९७७ साली स्ट्यूअर्ट आणि लेव्हिन यांनी गणिताने दाखविले की, केवळ संक्रमणाच्या जोरावर टिकावयाचे तर संक्रमणाचा वेग हा भार आणि ही गळती भरून काढण्याइतका असला पाहिजे. त्यांच्या गणितात जीवाणूंचा समूह नीट ढवळलेल्या द्रवात आहे असे गृहीत धरले होते. हे गृहीत सोयीचे होते आणि त्या काळी त्यावर फारसा आक्षेपही कोणी घेतला नाही. परंतु ते कॉखच्या चंबूचेच गृहीत होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. औषधाचा वापर थांबविला की प्रतिकारशक्ती आपोआप ओसरेल, या आशेच्या मुळाशीही हेच चित्र होते. कोड्याचा किती भाग निसर्गातला आणि किती काचेच्या भांड्यातला, हा प्रश्न विचारला जाण्यासाठी दोन्ही परंपरांची माणसे एकत्र यावी लागली.

ती एकत्र आली १९९३ साली, आणि योगायोग असा की त्यांत मार्शल पुन्हा होता. अँगल्स, मार्शल आणि गुडमन यांनी सागरी जीवाणूंमधील प्लास्मिडाचे संक्रमण पाण्यात आणि काचेच्या मण्यांवरील सायीत असे दोन्हीकडे मोजले. सायीत ते अधिक आढळले. त्याच वर्षी गुडमन, मार्शल आणि हर्मान्सन प्रभृतींनी अन्न अत्यंत विरळ असलेल्या, म्हणजे खऱ्या समुद्रासारख्या, परिस्थितीतही संक्रमण होते असे दाखविले. १९९८ साली स्वीडनमधील डालबर्ग, बेरिस्ट्रम आणि हर्मान्सन यांनी चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचे जनुक जोडलेले प्लास्मिड सागरी जीवाणूंच्या नैसर्गिक समूहात सोडून त्याचा प्रसार सूक्ष्मदर्शकाने पाहिला. पात्रावर उगविण्याची अट या रीतीत नसल्याने, जुन्या मोजणीत न दिसणारे ग्राहकही दिसू लागले. शंभर वर्षांपूर्वी फिशरच्या पात्रांनी जे वगळले होते ते हिरव्या ठिपक्यांच्या रूपाने मोजणीत परत आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सायीत प्लास्मिड का टिकते, याचा खुलासा संक्रमणापुरता मर्यादित नाही. ढवळलेल्या द्रवात प्लास्मिड गमावलेली एक वेगवान पेशी सर्व समूहाशी स्पर्धा करते; सायीत तिची संतती तिच्या शेजारीच अडकते आणि केवळ शेजाऱ्यांस मागे टाकू शकते. आतल्या थरांत अन्न व प्राणवायू कमी पोहोचत असल्याने तेथील पेशी क्वचितच दुभंगतात. आणि जेथे विभाजन नाही तेथे विभाजनातील गळतीही नाही. याशिवाय प्लास्मिडाची स्वतःची साधने असतात: वाटपाची यंत्रणा, आणि विष व उतारा यांची जोडी, जिच्यामुळे प्लास्मिड गमावणारी कन्यापेशी मरते वा खुंटते. हा दुसरा प्रकार १९८३ साली ओगुरा आणि हिरागा यांनी एफ प्लास्मिडात प्रथम स्पष्ट केला. आयडाहो विद्यापीठातील एव्हा टॉप हिच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सायीत वाढलेल्या जीवाणूंत प्रतिकारक प्लास्मिड ढवळलेल्या संवर्धापेक्षा अधिक काळ टिकल्याचे आढळले. हे प्रयोग समुद्री जीवाणूंवरचे नव्हेत, तरी कोड्यातील भांड्याचा वाटा केवढा होता हे त्यांवरून कळते.

एक गैरसमज मात्र टाळावयास हवा. साय प्लास्मिडाचा सर्वत्र प्रसार करते, असे सरसकट विधान अनेक लेखांत आढळते. ते खरे नाही. संयुग्मनास स्पर्श लागतो, आणि दाट सायीत प्रत्येक पेशी आपल्या मोजक्या शेजाऱ्यांनाच स्पर्श करते. शिवाय भुकेल्या, न वाढणाऱ्या पेशी संयुग्मनात क्वचित भाग घेतात. म्हणून प्रसार बहुधा दाता आणि ग्राहक यांच्या पट्ट्यांच्या सीमेवर थांबतो. जी रचना जुन्या प्लास्मिडाचे जतन करते तीच नव्याची वाट अडविते. जतन आणि प्रसार या दोन क्रिया भिन्न होत, आणि त्यांना एकाच शब्दाने संबोधणे हा विचाराचा आळस होय.

याहून मोठा पालट घडविला तो कार्यकारणाची दिशा उलटी करणाऱ्या शोधांनी. २००१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जाँ-मार्क गीगो याने दाखविले की, संयुग्मक प्लास्मिड असलेले ई. कोलाय जीवाणू प्लास्मिडविरहित जीवाणूंहून अधिक चांगली साय करतात. संयुग्मनासाठी उगविलेले सूक्ष्म तंतूच चिकटण्याच्या कामी येतात. साय प्लास्मिडास राखते एवढेच नव्हे. प्लास्मिडही साय घडविते. समुद्रात याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण रोझोबॅक्टर या गटात मिळाले. दक्षिण कॅरोलायनाच्या खाऱ्या दलदलीतील ओढ्यांत पृष्ठभाग बुडवून डँग आणि लॉव्हेल यांनी २००० साली दाखविले होते की, आरंभीच्या वसाहतकारांत याच गटाचे प्राबल्य असते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील जीवाणुसंग्रहात यॉर्न पीटरसन आणि सहकाऱ्यांनी याच गटातील फिओबॅक्टर इनहिबेन्स डी. एस. एम. १७३९५ हा वाण घेतला. त्यात तीन प्लास्मिडे आहेत. सर्वांत मोठे सुमारे २ लाख ६२ हजार क्षारक-जोड्यांचे असून त्यावर एका प्रतिजैविकाच्या निर्मितीची जनुके आहेत. सर्वांत लहान, ६५ हजार क्षारक-जोड्यांचे प्लास्मिड काढून टाकले असता, २०१५ साली प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, जीवाणूची साय करण्याची शक्ती जवळजवळ संपूर्ण गेली, पोहण्याची शक्तीही गेली, आणि सागरी शैवालावर वस्ती करणे त्यास जमेना. या प्लास्मिडावर बहुशर्करा बनविणारी वीसहून अधिक जनुके असून त्यांत ऱ्हॅम्नोज या शर्करेशी संबंधित जनुकांचा संच आहे. पोहण्याच्या चाबकाची जनुके गुणसूत्रावरच असतात. तरीही प्लास्मिडावाचून ती निरुपयोगी ठरतात.

झोबेलने ज्या चिकटण्याचा खुलासा पाण्यातील विरळ अन्न आणि अरुंद फट यांनी केला, त्या चिकटण्याची क्षमताच येथे पेशीतून पेशीत जाऊ शकणाऱ्या घटकावर लिहिलेली आढळते. २०१६ साली याच गटाने ३३ रोझोबॅक्टर वाणांची तपासणी करून अशी ‘साय-प्लास्मिडे’ या कुळात दूरवर पसरलेली असल्याचे दाखविले. त्यामुळे ‘भार’ हे प्लास्मिडाचे जुने रूपक या ठिकाणी मोडते. चंबूत वाढविलेल्या फिओबॅक्टरास हे प्लास्मिड ओझे वाटेल. खडकावर ते त्याचे नांगर असते.

या विषयाचा व्यावहारिक पदर किनाऱ्याकाठच्या प्रदेशांस जवळचा आहे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि बुडालेल्या पृष्ठभागांवरील साय व तिच्यामागून येणारी जीववाढ हा तेथील अभ्यासाचा एक चालू विषय राहिला आहे. जहाजांच्या तळास कथिलयुक्त विषारी रंग देण्याची प्रथा २००१ साली संमत होऊन २००८ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाली. तेव्हापासून तांब्याच्या रंगांवरील भिस्त अधिक वाढली. तांबे, पारा यांसारख्या धातूंना तोंड देण्याची जनुके पुष्कळदा प्लास्मिडांवर असतात, कधी प्रतिजैविकांच्या प्रतिकारजनुकांच्या शेजारीच; धातूने एकास राखले की दुसरेही राखले जाते. १९५० नंतर समुद्रास प्लास्टिकच्या रूपाने तरंगणारे, न कुजणारे पृष्ठभाग मिळाले आहेत. २०१३ साली झेट्लर, मिन्सर आणि ॲमरल-झेट्लर यांनी त्यांवरील जीवसृष्टीस ‘प्लास्टिस्फिअर’ हे नाव दिले. हेन्रिसीच्या काचपट्ट्या काही दिवसांनी पाण्याबाहेर काढल्या जात. हे पृष्ठभाग आपली साय आणि तिच्यातील प्लास्मिडे घेऊन एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास लागतात.